चिठ्ठी खिशात, तोंड चालू

आधीच एक सांगून टाकतो. हे सगळं मी मोबाईलला बोलून दाखवलं आणि मोबाईलनं टाइप केलं. मग सुरेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "अहो, यात खरं किती आणि फोडणी किती?" मी म्हटलं, "आमटीला लागते तेवढी." तिनं एका ठिकाणी काट मारली. तिथं मी लहानपणी एका बुक्कीत रेडा पाडला होता. तो रेडा आता उठून गेलाय. बाकीचं खरं आहे असं धरून चला.

पन्नाशीच्या उंबऱ्यावर ज्यांना कुणीतरी सांगितलंय, की तुम्हाला डिस्लेक्सिया आहे, त्यांच्यासाठी हे आहे. आणि ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, पण काही वाचायची वेळ आली की नेमका चष्मा घरी राहतो, त्यांच्यासाठी जरा जास्तच.

माझा धंदा

मी विलास, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. लग्नात माईकवर बोलतो. माझा आवाज असा, की मी रंकाळ्यावर शिंकलो तर पन्हाळ्यावर लोक 'शतायुषी व्हा' म्हणतात. माईक मी नुसता शोभेला धरतो.

आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मानाचे फेटे असतात. मुलाचे मामा, मुलीचे मामा, मामांचे मामा, कारखान्याचे संचालक, माजी संचालक आणि होऊ घातलेले संचालक. एकेकाला नावानं पुकारायचं, स्टेजवर फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. नाव मागंपुढं झालं तर पावणं जेवत नाहीत. एका काकांचं नाव मेहुण्याच्या नंतर आलं, तर ते वऱ्हाडाची एक बस भरून माघारी गेले आणि राधानगरीच्या धरणावर पंगत मांडून बसले.

ही नावं मी कधी कागदावरून घेतली नाहीत. लग्नाच्या आधी दोन्ही घरी चहाला जायचं आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठायची. "आजी, माहेरचं कोण कोण येणार?" एवढं विचारलं की आजी सुरू. कोण कुणाचा कोण, कोण कुणावर रुसलाय, कुणाला कुणाच्या शेजारी उभं करायचं नाही. मी ते सगळं रुसव्यांसकट पाठ करायचो. लोक म्हणायचे, "इलासराव, कागुद न्हाय, काय न्हाय. डोस्कं हाय का कपाट?"

भीती एकाच गोष्टीची, चिठ्ठीची. ऐन वेळी खालून चिठ्ठी येतेच, आणि तिच्यात बहुतेक हेच असतं की अमक्यांचं नाव राहिलं. मला ती वाचता यायची नाही. अगदीच यायची नाही असं नाही. पण एक शब्द हातात येतोय तोवर दुसरा निसटायचा, दुसरा धरला की पहिला कुठं ठेवला ते आठवायचं नाही. दोन्ही हातांत कोंबड्या आणि तिसरी धरायची, तशातला प्रकार. हे सगळं हजार माणसांसमोर, माईक चालू असताना.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. चिठ्ठी उघडायची, मान डोलवायची, चिठ्ठी खिशात टाकायची आणि आवाज चढवायचा: "आणि आता, ज्यांच्याशिवाय हा मांडव उभा राहिला नसता, असे आपल्या सर्वांचे लाडके! नाव मी घेणार नाही, कारण नाव घ्यायची गरज नाही! या साहेब, स्टेजवर या!" खोटं सांगत नाही, दर वेळी कुणीतरी उठून यायचंच. एकदा तिघं आले. तिघांनाही फेटे बांधले, तिघंही खूश.

शाळेचं कुणी विचारलं तर सांगायचो, पुरात पुस्तकं वाहून गेली. मंगळवार पेठेत पुराचं पाणी कधी आलं, असं आजवर एकानंही विचारलं नाही.

ती चिठ्ठी

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात मराठी शिकवायचे. अख्ख्या पेठेत त्यांना 'सर' म्हणतात. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न जयसिंगपूरच्या अलीकडं एका मंगल कार्यालयात होतं. माईक माझा, म्हणून मी, सुरेखा आणि आबा, तिघं आमच्या गाडीनं गेलो.

त्या दिवशी मी रंगात होतो. फेट्यामागून फेटा. मुहूर्त टळला, पंगत लांबली. आबांना मधुमेह. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात नुसता चहा.

मध्येच खालून हातोहात एक चिठ्ठी आली. मी उघडली, मान डोलवली, खिशात टाकली आणि म्हटलं, "आणि आता, ज्यांच्याशिवाय हा मांडव उभा राहिला नसता..."

दोन माणसं उठून निघालीसुद्धा. तेवढ्यात मला हॉलच्या मागच्या बाजूला सुरेखा दिसली. ती दोन्ही हात वर करून मला खुणावत होती. मी माईकवर म्हणालो, "बघा, आमच्या सौभाग्यवतीपण हात करतायत. त्यांना वाटतंय त्यांनाही फेटा मिळावा!"

हॉल हसला. लई हसला. तेवढा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

सुरेखाचे हात खाली आले. मग दोन-तीन माणसं वाकलेली दिसली आणि त्यांच्यामधून आबांची टोपी खाली पडताना दिसली. मी स्टेजवरून उडी मारली. ती उडी किती फुटांची होती हे सांगायचा मोह मी आवरतो. बाहेर पोचलो तेव्हा नवरीच्या काकांनी आबांना स्वतःच्या गाडीत घातलं होतं आणि सुरेखा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

वाचा

साखर एकदम खाली गेली होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि थोड्या वेळानं आबांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "आता धोका नाही. पण वेळेत आणलंत म्हणून." हे वाक्य सुरेखानं माझ्याकडं बघत ऐकलं.

मी तिच्या मागं मागं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेलो. बोलणं थांबलं की माझा जीव घाबरा होतो, म्हणून मी काहीतरी बोलत होतो. ती म्हणाली, "चिठ्ठी काढा."

"कुठली?"

"खिशातली."

मी खिशात हात घातला. चिठ्ठीबरोबर गाडीची किल्लीपण हाताला आली. सुरेखानं दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"वाचा."

"अगं, चष्मा..."

तिनं पर्समधून माझा चष्मा काढून पुढं ठेवला. "तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही माझी चेष्टा केलीत. सगळ्यांसमोर. वाचा आता, मोठ्यानं वाचा. माझ्याकडं बघून वाचा."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी सांगून निभावून नेलं असतं. मी चष्मा लावला.

"आ... आबां... आबांना..."

शेजारच्या टेबलावरचा माणूस मिसळ खाता खाता थांबला.

"आबांना द... दर... दर... घ..."

मी बोट ठेवून वाचत होतो. घाम मला सुटला होता आणि त्या शब्दातही घामच होता, पण मला तो लागत नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. एरवी मी म्हटलं असतं की त्यात तीन उन्हाळे गेले. इथं फोडणी नाही.

मान वर केली तर सुरेखाचा चेहरा पार बदललेला. राग गेला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. ती हळू म्हणाली, "विलास." लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

मग तिनं चिठ्ठी स्वतःकडं वळवली आणि मला वाचून दाखवली. "आबांना दरदरून घाम आलाय. गाडीची किल्ली घेऊन लगेच खाली या."

घारीचे डोळे

पतसंस्थेत नोकरी करणारी बाई एखाद्या गोष्टीच्या मागं लागली की ती निकाली काढूनच थांबते. सुरेखानं पहिल्यांदा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी माझा चष्मा हातात घेतला, उजेडाला धरला आणि विचारलं, "हा कुणी दिला?"

"जत्रेत घेतला."

"याला नंबरच नाही. साधी काच आहे." मग डोळे तपासून म्हणाले, "घारीचे डोळे आहेत तुमचे. यांना काही झालेलं नाही."

एवढी चांगली बातमी ऐकून मी एवढा कधी घाबरलो नव्हतो. डोळे चांगले, मग बिघडलंय काय? मला एकच उत्तर माहीत होतं. ते आबांनी मी तिसरीत असताना पाटीवर माझं शुद्धलेखन बघून दिलं होतं. "दगड आहेस." हे त्यांनी एकदाच म्हटलं असतं तर मी विसरलो असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मानसशास्त्राच्या एका मॅडमचा पत्ता दिला. मी म्हटलं, "मी वेडा न्हाय." सुरेखा म्हणाली, "ते त्या ठरवतील. चला."

मॅडम माझी मुलगी शोभतील अशा वयाच्या, बारीक आवाजाच्या. मी सवयीनं त्यांना खिशात घालायला निघालो. पुराची गोष्ट सांगितली. मास्तरांची छडी मोडून मीच तिचा विटीदांडू केला ती सांगितली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हे सांभाळताना फार दमत असाल ना?"

पुढची गोष्ट मी सांगितलीच नाही. सुरेखा साक्षीला आहे.

मग तपासणी झाली. एका बैठकीत संपली नाही, पुन्हा जावं लागलं. त्यांनी गोष्ट वाचून दाखवली, ती मी त्यांच्यापेक्षा रंगवून परत सांगितली. ठोकळे जुळवले. मी फुशारून सुरेखाकडं बघतोय तोवर त्यांनी समोर अर्थ नसलेले शब्द ठेवले आणि म्हणाल्या, वाचा. तिथं माझी सगळी हुशारी उघडी पडली. ओळखीचा शब्द असला की मी अर्धा बघून अर्धा अंदाजानं ठोकून द्यायचो. इथं अंदाजाला जागाच नव्हती. मग त्यांनी आकडे बोलून दाखवले आणि उलटे म्हणायला सांगितले. गावभरच्या मामांची नावं सांगणारा मी चार आकड्यांत आडवा.

आजार न्हाय?

निकालाच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "तुमची बुद्धी चांगली आहे. ऐकून समजणं तर फारच चांगलं. वाचन तेवढं अडतं. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हे तुम्हाला जन्मापासून आहे."

मी विचारलं, "गोळी?"

"गोळी नाही."

"इंजेक्शन?"

"विलासराव, हा आजार नाही."

"आजारच न्हाय तर बरा कसा होनार मी?" एरवी मी पाहुण्यांसमोर शुद्ध बोलतो. त्या दिवशी तोंडातून पेठच बाहेर पडली.

मॅडमनी समजावलं. सरावानं वाचन सुधारतं. मोबाईल वाचून दाखवतो. लाजायचं काही नाही. सगळं बरोबर सांगत होत्या. मी 'जन्मापासून' याच शब्दावर अडकून बसलो होतो. म्हणजे तिसरीतल्या त्या पोराला पण हे होतं. अंगठे धरून उभं राहताना होतं. पोरं हसली तेव्हा होतं.

पार्किंगमध्ये मी स्कूटरवर बसलो आणि किल्ली लावायचं विसरलो. लोक म्हणे असं काही कळलं की हलके होतात. मी हललो होतो, हलका कसला. असं बघा, घरात चोर दडवलाय म्हणून तुम्ही जन्मभर दार लावून बसलात, पावण्यांना दारातूनच वाटेला लावलंत आणि एक दिवस कुणी आत जाऊन बघितलं तर आत कुणीच नाही. खोली रिकामी. मग मी कुणाला लपवत होतो? ज्याला लपवलं तो मठ्ठ विलास कधी नव्हताच. हे कळायला एवढी वर्षं?

मागून सुरेखा म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. भ्या वाटाय लागलंय मला."

त्यानंतर मी लग्नाची कामं नाकारायला लागलो. घसा बसलाय म्हणून सांगायचो. माईकजवळ गेलो की खिशात किल्ली लागायची.

आबा

हॉस्पिटलातून आल्यापासून आबा माझ्याशी बोलत नव्हते. "सुरेखा, त्याला सांग पंखा कमी कर." मी पंख्याखालीच बसलेलो. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा समज हाच, की पोरानं बापाची चिठ्ठी वाचली आणि टाळ्यांसाठी खिशात टाकली. मला ते खरं सांगण्यापेक्षा तसंच राहू दिलेलं परवडत होतं. मराठीच्या मास्तराला कुठल्या तोंडानं सांगायचं?

शेवटी सुरेखानंच सांगितलं. आबा व्हरांड्यात बसले होते, मी दाराआड. तिनं कँटीनपासून मॅडमपर्यंत सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "थोतांड आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"होतं आबा. नाव नव्हतं."

खुर्ची करकरली. मग आबांनी हाक मारली, "विलास, पुढं ये."

मी गेलो आणि उभा राहिलो. एवढा मोठा बाप्या, पोट सुटलेला, मिशीला कलप लावलेला, पण हात आपोआप अंगठ्यांकडं निघाले होते.

"तुला दिसायचं, पण लागायचं नाही?"

"व्हय, आबा."

"आणि तू घरी घोकायचास, ते?"

"सुरेश वाचायचा ते ऐकून." सुरेश माझा तेव्हाचा शेजारी. "मी पान उघडं धरून म्हणायचो."

आबांनी मान हलवली. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. खोटं कशाला सांगू, मी त्यासाठीच उभा होतो. 'चुकलं माझं' एवढं जरी म्हणाले असते तरी पुरलं असतं. आबा माझ्याकडं बघतच नव्हते. रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो कुंभाराचा बाळू."

बाळू त्यांच्या वर्गातला, जुना विद्यार्थी.

"आणि शिंद्यांचा दत्ता. शाळा सोडली त्यानं. मी सोडायला लावली." आबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता, एकेका नावाला एकदा. "ती मागच्या बाकावरची शकू. तोंडी सगळं सांगायची, आणि पेपर कोरा. मी म्हणायचो, आळशी आहे."

नावं येतच राहिली. माझं कपाट कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप एकेक पोर मागच्या बाकावरून उठवून पुढं आणत होता आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं म्हणून रस्त्याकडं बघत होता. मी मागायला आलो होतो ते मागायचं राहूनच गेलं. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

कानात सांगा

पेठेतलंच एक लग्न आलं. घरी आलेल्या यजमानांना मी घसा बसल्याचं सांगितलं. आतून आबांचा आवाज आला, "घसा ठणठणीत आहे त्याचा. येईल तो. मीही येणार आहे."

लग्नाच्या दिवशी आबा टोपी, कोट घालून आणि खिशाला लाल पेन लावून तयार. सुरेखानं त्यांच्या खिशात बिस्किटाचा पुडा कोंबला आणि मला बजावलं, "पंगत वेळेत बसली पाहिजे."

मी स्टेजवर चढलो. समोर तीच माणसं, तेच फेटे. मी माईक धरला आणि युक्ती नसलेलं पहिलं वाक्य बोललो. "मंडळी, आज चिठ्ठी पाठवू नका. मला वाचता येत न्हाय. वर या आणि कानात सांगा."

असली शांतता मी कोल्हापूरच्या लग्नात ऐकलेली नाही. भटजी पण थांबले. मग मागून एकजण ओरडला, "आरं इलास, मग इतकी वर्षं आमच्या चिठ्ठ्यांचं काय केलंस?"

"खिशात घातल्या. धुण्यात गेल्या!"

"म्हंजे माझा फेटा कुनाला बांधलास?" हे दुसरे, एक मामा. उठून उभे राहिले होते.

"मामा, जो पहिला उठला त्याला!"

हॉलमध्ये हशा फुटला. मामा पण हसले. मग माणसं कानात सांगायला वर येऊ लागली आणि स्टेजवर ही गर्दी. मामा आले, काका आले, एकजण नुसतं 'जेवन कवा' एवढं विचारून गेला. माझ्या कानात तंबाखू, अत्तर आणि सोयरिकी सगळं एकत्र झालं. तरी लोकांची सवय जाईना. चिठ्ठ्या येतच होत्या.

तेवढ्यात आबा कठड्याला धरून वर आले. स्वतःची खुर्ची स्वतः ओढून माझ्या शेजारी बसले आणि हात पुढं केला. "आण इकडं." पहिली चिठ्ठी घेतली, लाल पेनानं आधी तिच्यातली चूक दुरुस्त केली, मग माझ्या कानाशी येऊन वाचली. दुसरी. तिसरी. ते वाचत होते, मी पुकारत होतो. फेटे भराभर बांधले गेले आणि अक्षता वेळेवर पडायच्या बेतात आल्या.

शेवटी आबांनी हातातला एक कागद उलगडला. चष्मा सारखा केला. नीट निरखून पाहिला आणि माझ्या कानाशी वाकले.

"यात लिहिलंय," ते म्हणाले, "निवेदक चांगलं बोलतो. लहानपणापासूनच चांगलं बोलायचा."

मी कागदाकडं पाहिलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कोरा कागद मला ओळखता येतो, तेवढं मला पहिलीपासून येतंय.

मी मान डोलवली, चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि म्हटलं, "मंडळी, अक्षता हातात घ्या."